एकदाच, नीट आवाजात

३ जुलै

भिंगरे,

हे माफीचं पत्र नाही. आधीच सांगते, म्हणजे पाकीट फोडून पहिल्याच ओळीला ‘आली शेवटी वळणावर’ असं म्हणत तू चहा ओतायला उठणार नाहीस. बस खाली आणि वाच.

एप्रिलच्या त्या प्रयोगानंतर तू रंगपटात जे बोललीस ते मला शब्दन्‌शब्द ऐकू आलं, कारण तू माझ्या तोंडासमोर उभी राहून बोललीस. ‘हिला ठार ऐकू येत नाही, म्हणून ही अशी बोंबलते. हिला विंगेतून उठवा, नाहीतर मी उठते.’ नाटक बसवणाऱ्या मास्तरांनी मला उठवलं. साहजिकच आहे. दीपगृहाच्या राखणदाराची विधवा नाटकात एकच आहे आणि ती तू आहेस. प्रॉम्प्टर काय, चष्मा लावून पुस्तक धरता येणारी कोणीही बाई. सव्वीस वर्षं मी त्या खुर्चीत बसले, आणि तू बोलत असताना आपल्या हौशी मंडळीतला एकही माणूस ‘अहो, पण’ एवढंही म्हणाला नाही. दातांचे डॉक्टर तर इन्स्पेक्टरच्या वेषातच आपल्या बुटांकडे बघत उभे होते.

तर ऐक. मी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. कपाटाएवढ्या खोलीत बसवतात, कानांवर गोळे चढवतात आणि आवाज आला की बटण दाबा म्हणतात. मी कितीतरी वेळ बटण न दाबता बसले आणि मनात म्हटलं, यांचं मशीन बिघडलेलं दिसतंय. बाहेर आल्यावर त्यांनी कागद दाखवला. डावीकडून बरी चाललेली रेघ उजवीकडे घसरगुंडीवरून खाली गेलेली. जाड आवाज शाबूत आहेत, बारीक आणि टोकदार गेले. स, श, फ. कुजबूज सगळी त्यांचीच बनलेली असते, आणि मी जन्मभर कुजबुजण्याचं काम केलं.

तेव्हा तुझं म्हणणं अर्धं खरं होतं. अर्ध्याचं नंतर बघू.

डॉक्टर म्हणाले, एवढ्या बहिरेपणाला सध्या बाजारात मिळणारे फोनचे इअरबडसुद्धा चालतील, वाढलं तर माझ्याकडे या. तुझ्या लेकीनं तिचे काढून दिले. तिला रागावू नकोस. शाळेत फिजिक्स शिकवणारी पोरगी, तिनं मलाही पहिल्या बाकावर बसवलं. फोनमध्येच कानांची परीक्षा असते, ती घेतली, आणि माझ्या कानांना जे कमी पडतं तेवढंच वाढवून द्यायला त्या दोन पांढऱ्या बोंडांना शिकवलं. मग म्हणाली, ‘मावशी, आता घाल.’

भिंगरे, फ्रिज गुणगुणतो, हे मी विसरले होते. वर्तमानपत्राचं पान उलटताना केवढा आवाज होतो! माझा डावा गुडघा वाजतो. वरच्या मजल्यावरची बाई दिवसभर शिंकते आणि मला इतकी वर्षं वाटायचं, घर शांत आहे.

मला खुर्ची परत हवी आहे. त्यासाठीच हे पत्र. ऑगस्टमध्ये तेच नाटक पुन्हा लागतंय असं कळलं.

तुझी ताई


१२ जुलै

भिंगरे,

उत्तर नाही. ठीक आहे. मागचं पत्र मी रजिस्टर्ड पाठवलं होतं, म्हणजे मिळालं नाही असं म्हणायची सोय तुला ठेवलेली नाही.

पोस्टातली गंमत सांगते. खिडकीतला मुलगा माझ्या कानांकडे बघून म्हणाला, ‘मावशी, आधी गाणी बंद करा, मग बोला.’ मी म्हटलं, ‘गाणी नाहीत रे, तूच वाजतोयस.’ रांगेतले सगळे हसले. तो बिचारा लाल झाला आणि शिक्का दोनदा मारला. वाचनालयात एक गृहस्थ तर शेजारी बसून मुद्दाम मोठ्यानं पुटपुटले, ‘या वयात काय एकेक फॅड!’ मी विचारलं, ‘तुमच्या नाकावर काय आहे? दागिना?’ चष्मा पुसत उठून गेले.

बोंडांचे दोषही सांगते, नाहीतर म्हणशील ताई जाहिरात करतेय. बशीत चमचा ठेवला की डोक्यात ठेवल्यासारखा वाजतो. रस्त्यावर वारा सुटला की कानांत कोणी गोणपाट फाडतंय असं होतं. पाचेक तासांनी बारीकसा सूर काढून ती मरतात, आणि सगळं जग गोधडीखाली जातं. ते मला सर्वांत वाईट वाटतं. आधी गोधडी होती हेच माहीत नव्हतं, आता रोज संध्याकाळी कळतं.

पण मी लपवणार नाही. काढून पर्समध्ये टाकणार नाही. लोक बघतात तर बघू देत.

लपवायला आपण कुठे शिकलो, आठवतं? शाळेच्या होस्टेलवर, सहा ते सातचा तो मौनाचा तास. उंच सिस्टर चौथऱ्यावर विणत बसलेल्या, खाली साठ मुली पुस्तकात माना घालून. तू चौथीत, मी सातवीत, मध्ये तीन बाकं. तू आवाज न करता नुसते ओठ हलवायचीस, ‘भू-क ला-ग-ली’, आणि मी ओठांनीच सांगायची, ‘ग-प्प ब-स’. महिनाभर कोणाला पत्ता नव्हता. पकडल्यावर मला वाटलं, आता दोघींच्या हातांवर पट्टी. सिस्टर विणकाम बाजूला ठेवून म्हणाल्या, ‘जी इतकं बोलते तिला स्टेजवर घाला. आणि जिला न ऐकताही कळतं तिच्या हातात पुस्तक द्या.’ झालं. त्या वर्षीच्या नाटकापासून तू उजेडात आणि मी विंगेत. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, हे तुला माहीत आहे. नसेल माहीत तर आता वाच.

मास्तरांना भेटले. सध्या ते स्वतःच प्रॉम्प्ट करतात आणि दर पानाला जागा हरवतात. म्हणाले, ‘ताई, विसाव्या तारखेला एक तालीम बसून बघा. जमलं तर जमलं.’

तू असशीलच. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. फक्त वाक्य विसर कुठे तरी, म्हणजे मला काम मिळेल.

ताई


२३ जुलै

भिंगरे,

जमलं नाही. तू पाहिलंसच, पहिला अंक संपल्या संपल्या पर्स उचलून निघून गेलीस. जाताना माझ्या खुर्चीवरून गेलीस तर निदान तिला धक्का तरी द्यायचास.

काय झालं ते तुला कोणी सांगितलं नसेल. दातांचे डॉक्टर अडकले, मी वाक्य दिलं. त्यांनी मान वळवली. मी पुन्हा दिलं. त्यांनी कानाला हात लावला. तिसऱ्यांदा दिलं तर ते सरळ विंगेपर्यंत चालत आले आणि म्हणाले, ‘बाई, माझ्या खुर्चीतले पेशंटसुद्धा तोंडात कापूस असताना तुमच्यापेक्षा मोठ्यानं बोलतात.’ मास्तर म्हणाले, ‘ताई, आधी चौकापर्यंत ऐकू जायचं, आता फक्त तुम्हाला. मध्ये काही आहे का?’

चूक माझी होती, आणि ती अशी की दुसऱ्या कोणी केली नसती. ही बोंडं जगाचा आवाज वाढवतात तसा माझाही वाढवतात. मी कुजबुजले की मला रिकाम्या हौदात तोंड घालून बोलल्यासारखं वाटतं. त्या आवाजाला घाबरून मी खाली खाली आले, इतकी खाली की शेवटी नुसते ओठ हलत होते. आणि मला वाटत होतं, सगळं सभागृह माझंच ऐकतंय.

मास्तर म्हणाले, बघू. आपल्याकडे बघूचा अर्थ काय होतो ते मला ठाऊक आहे.

पण मी काही पुस्तक मिटून बसणारी नाही. काल तुझ्या लेकीला बोलावलं. आम्ही दिवाणखान्यातलं सामान भिंतीला लावलं, आणि तिनं खडूनं फरशीवर रेघा मारल्या. विंगेपासून टेबल किती पावलं, खिडकी किती, दिव्याची कळ किती. ती एकेका रेघेवर पाठमोरी उभी राहते, मी पुस्तकातलं वाक्य देते. ऐकू आलं तर डावा हात वर, फार मोठं झालं तर उजवा. पहिल्या दिवशी दोन्ही हात खालीच होते. आज चौथ्या रेघेपर्यंत डावा वर आला. किती जोर लावला म्हणजे किती लांब जातं, हे आता मी कानांवर सोडलेलं नाही. पोटावर हात ठेवते आणि मोजते. सिस्टर गाण्याच्या तासाला तसंच शिकवायच्या, पोटातून.

मधेच पोर म्हणाली, ‘मावशी, आई आजकाल फोन उचलतच नाही. मेसेज कर म्हणते.’ मी म्हटलं, ‘कामात असेल.’

ताई


२९ जुलै

भिंगरे,

हे पत्र तीनदा फाडलं. चौथ्यांदा लिहितेय, आता फाडणार नाही.

कानाच्या डॉक्टरांनी तेव्हा विचारलं होतं, ‘घरात आणखी कोणाला आहे का असं?’ मी ‘नाही’ म्हणाले. तोंडावर खोटं बोलले. परतताना पायऱ्यांवर बसून राहिले थोडा वेळ.

मला गेल्या हिवाळ्यापासून माहीत आहे.

तू मास्तरांकडून तिन्ही अंकांतल्या खुर्च्या फिरवून घेतल्यास. कोणी तुझ्या पाठीमागून बोलेल असा एकही प्रसंग ठेवला नाहीस. मास्तर म्हणाले, ‘काय सुचतं बाईला!’ सगळ्यांना वाटलं, अभिनय. मला तीन बाकांवरची चौथीतली पोर दिसत होती, माझ्या ओठांकडे टक लावून बघणारी. मी काही बोलले नाही. मीही तेच करत होते ना. दोघी एकमेकींचे ओठ वाचत होतो, आणि दोघींना वाटत होतं की आपलं दुसरीला कळत नाही.

फक्त एक प्रसंग तुला फिरवता आला नाही. तिसऱ्या अंकात दिवा विझतो. दीपगृहात मिट्ट काळोख, आणि तुझ्या मागून इन्स्पेक्टर झालेले दातांचे डॉक्टर विचारतात, ‘बाई, सामान आवरलं का?’ काळोखात ओठ दिसत नाहीत.

एप्रिलमध्ये तुला त्यांचा प्रश्न ऐकू आला नाही. मग मी तुझं वाक्य दिलं: ‘मी जाणार नाही. किल्ली माझ्याकडे आहे.’ पहिल्यांदा मी बरोबर दिलं होतं. हे मी नाही म्हणत, दातांचे डॉक्टर म्हणतात. ते तुझ्या मागे, माझ्यापासून आणखी लांब उभे होते. त्यांना स्पष्ट ऐकू गेलं. नंतर ते जिन्यात मला गाठून म्हणाले, ‘तुम्ही दिलंत, तिनं घेतलं नाही.’ दुसऱ्यांदा मी वाढवून दिलं. तिसऱ्यांदा ओरडले. किती मोठ्यानं, ते मला कळलं नाही. तेवढा माझा बहिरेपणा खरा. सगळं सभागृह हसलं, आणि तू तेवढं ऐकलंस.

मग रंगपटात तू माझ्यावर ढकललंस. मी ते घेतलं, कारण थोरली आहे, आणि कारण तुला खूप घाबरलेली पाहिली. बाहेरून तू चिडलेली दिसत होतीस.

पण आता नाही घेणार. मौनाचा तास संपला, भिंगरे. दोघी साठीच्या आसपास आलो, चौथऱ्यावर कोणी विणत बसलेलं नाही. मी कोणाला काही सांगणार नाही, तुझ्या लेकीलाही नाही. ते तू सांगायचं. पण ‘ताईला ऐकू येत नाही म्हणून नाटक पडलं’ हे मी माझ्या नावावर राहू देणार नाही.

ताई


६ ऑगस्ट

भिंगरे,

तुझं पत्र मिळालं. चार महिन्यांत एक ओळ, तीही पोस्टकार्डावर, म्हणजे पोस्टमनपासून सगळ्यांनी वाचावी: ‘माझ्या कानांत नाक खुपसू नकोस.’ अगं, नाक नाही, मी काय खुपसायला सांगणार आहे ते तरी पुढे वाच! पण तुझं अक्षर बघून बरं वाटलं. ‘क’ अजून तसाच, पोट सुटलेला.

मास्तर काल घरी आले होते. मी त्यांना दिवाणखान्यातल्या रेघांवर उभं केलं. पहिली, तिसरी, सातवी. सातव्या रेघेवर दाराकडे तोंड करून उभे होते, तिथे ‘कळलं, कळलं’ म्हणाले. कबूल झाले. मग चहा पिता पिता हळूच म्हणाले, ‘पण ताई, एक करू. खुर्चीपुढे काळ्या कापडाचा पडदा लावू. बाजूच्या रांगेतून तुम्ही दिसता. अध्यक्षीणबाई म्हणत होत्या, प्रॉम्प्टर गाणी ऐकत बसलेली दिसली तर मंडळीची शोभा.’

मी म्हटलं, ‘मास्तर, पडद्यामागून मला नटांचे चेहरे दिसणार नाहीत. कोण विसरलंय आणि कोण मुद्दाम थांबलंय, हे मी चेहऱ्यावरून ओळखते. आणि अध्यक्षीणबाईंना सांगा, ती गाणी नाहीत, ते माझे कान आहेत. कान झाकून विंगेत बसायचं असेल तर मग एप्रिलमधलीच मी काय वाईट होते?’

मास्तरांनी बिस्कीट चहात बुडवलं, ते बुडालं, आणि ते म्हणाले, ‘तेराव्या तारखेच्या रंगीत तालमीला बसा. मग ठरवू.’

आता माझं ऐक. तुझ्या लेकीनं नवी जोडी आणून माझ्याकडे ठेवली आहे. कोणासाठी हे मी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. फिजिक्स शिकलेली आहे, तिला सगळं विचारावं लागत नाही. युक्ती साधी आहे. तुझा फोन माझ्या मांडीवर राहील, बोंड तुझ्या कानात. फोन माइकचं काम करतो. मी त्याच्यापाशी कुजबुजले की थेट तुझ्या कानात, काळोख असो की उजेड. अर्ध्या श्वासानं उशिरा येतं, पण त्या विधवेला कुठे घाई आहे?

तेराव्या तारखेला तू ते घालणार नाहीस, हे मला आत्ताच दिसतंय. तू माझी बहीण आहेस. तेव्हा मीही माझं सांगून ठेवते. दिवा विझल्यावर मी तुझं वाक्य देईन. एकदाच, नीट आवाजात. दुसऱ्यांदा देणार नाही. ओरडणार तर मुळीच नाही. तुझ्यावर राग म्हणून नव्हे. मी ओरडले की तुझं झाकलं जातं, आणि मला आता तुझं झाकायचं नाही.

हे निष्ठुर वाटेल. वाटू दे.

ताई


१४ ऑगस्ट

भिंगरे,

काल तालमीनंतर तू रिक्षात बसून गेलीस. मी मागून हाका मारल्या, मग आठवलं की उपयोग नाही, आणि रस्त्यात उभी राहून एकटीच हसले.

घरी येऊन पुन्हा पुन्हा तेच डोळ्यांपुढे येतंय. तुला तिथून काय दिसलं कोण जाणे, म्हणून माझ्या खुर्चीतून दिसलेलं लिहिते.

दिवा विझला. डॉक्टरांनी विचारलं, ‘बाई, सामान आवरलं का?’ काही नाही. मी पोटावर हात ठेवला आणि वाक्य दिलं. सातव्या रेघेचं. पलीकडच्या विंगेतून कोणी तरी ‘हं’ केलं, म्हणजे तिथपर्यंत गेलं. तू गप्प. मी पुस्तक मिटलं. खोटं कशाला बोलू, दुसऱ्यांदा द्यायला तोंड उघडलं होतं मी. दात घट्ट मिटून बसले. मला तुझा श्वास ऐकू येत होता, भिंगरे. या बोंडांमुळे. तू लहानपणी रडण्याआधी घ्यायचीस तसा, दोन तुकड्यांत.

आणि मग तू काळोखातून म्हणालीस, ‘दिवे लावा.’

कोणी हललं नाही. मास्तरांना वाटलं, नाटकातलंच काही नवीन. तू पुन्हा म्हणालीस, तुझ्या शेवटच्या रांगेपर्यंत जाणाऱ्या आवाजात, ‘मास्तर, दिवे लावा. मला ऐकू येत नाही. डॉक्टरांचं नाही, ताईचं नाही. एप्रिलमध्येही येत नव्हतं. ताईनं तेव्हा बरोबर दिलं होतं.’

दिवे लागले. तू स्टुलावर सरळ बसली होतीस, हनुवटी वर. मी पन्नासएक वर्षं तुला उजेडात बघतेय, पण अशी पाहिली नव्हती. मास्तर टोपी काढून डोकं खाजवत म्हणाले, ‘म्हणजे नायिकेला ऐकू येत नाही, प्रॉम्प्टरला ऐकू येत नाही. नाटक कोणाच्या भरवशावर चाललंय?’ आणि डॉक्टर म्हणाले, ‘माझ्या. मला तर संवादच पाठ नाहीत.’ तेव्हा तू हसलीस. खाली बघून, पण हसलीस.

तू गेल्यावरचं तुला माहीत नाही. मास्तरांनी सामानवाल्यांना काळा पडदा गुंडाळायला सांगितला. माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘शनिवारी चारला प्रयोग आहे. खुर्ची तिथेच असेल.’ अध्यक्षीणबाई दारात उभ्या होत्या. मला वाटलं, आता पुन्हा सुरू होणार. त्या जवळ आल्या, माझ्या कानाकडे वाकून बघितलं आणि अगदी हळू विचारलं, ‘हे कुठे मिळतात हो? आमच्या यांच्यासाठी विचारतेय.’ त्यांच्या यांना काहीही झालेलं नाही, ते तर पलीकडच्या खोलीतला पंखा ऐकतात. मी तुझ्या लेकीचा नंबर दिला.

तर शनिवार. चारला प्रयोग, म्हणून तू दोनला ये. तुझी जोडी मी घेऊन येते. सकाळी डबीत चार्ज करून ठेवीन. तुझ्या कानांची परीक्षा तुझी लेक घेणार आहे. तिला तू स्वतः सांग आधी, फोनवर नको, समोर बसवून. ती रडली तर रडू दे. तुझा फोन आठवणीनं आण, घरी विसरून येशील. पहिल्यांदा माझा आवाज कानात आला की दचकशील. मी आधी काही तरी फालतू बोलेन, म्हणजे सवय होईल. तिसऱ्या अंकापर्यंत मी मधे मधे करणार नाही, वचन.

आणि मास्तर म्हणत होते, विधवेला केसांचा टोप देऊ, कानांवरून खाली येणारा, म्हणजे काही दिसणार नाही. मी तुझ्या वतीनं नको सांगितलंय.

केस वर बांधून ये.

ताई